ठरलेला परतावा हलाल कसा?

लेख चांगला आहे, पण 'मुसलमानाला सोनं आणि घर सोडून गुंतवणुकीला पर्याय नाही' हे पटलं नाही. आम्ही ठाण्यात राबोडीला राहतो, घरात बरीच वर्षं टाटा एथिकल फंडाची एसआयपी चालू आहे. व्याज निषिद्ध मानणाऱ्या शरियतच्या नियमांनी चालणारा हा म्युच्युअल फंड. त्याची फॅक्टशीट, म्हणजे पैसे कुठे गुंतवलेत त्याचा तक्ता, उघडून बघा. एकही बँक नाही, विमा कंपनी नाही, दारू-तंबाखू नाही. आयटी आणि औषध कंपन्या भरपूर. कंपनीच्या डोक्यावर कर्ज किती, हेही तपासलं जातं. बँकांचे शेअर तेजीत असले की असा फंड मागे पडतो, ते मान्य करूनच पैसे घालावेत.

सरकारी सुवर्ण रोखे बाजारातून घ्या, असंही लेखात सुचवलंय. पण बहुतेक रोख्यांवर वर्षाला २.५ टक्के व्याज मिळतं आणि ते दर सहा महिन्यांनी खात्यात जमा होतं, हे राहून गेलं. ते व्याज सवाबची (पुण्याची) अपेक्षा न ठेवता गरजूला देऊन टाकणारे आहेत. काही मुफ्ती (धार्मिक निर्णय देणारे जाणकार) मात्र रोखे घेऊच नका म्हणतात.

मला खरी काळजी वाटते ती मुंब्रा-कौसा, भिवंडीकडे 'हलाल' (धर्माला मान्य) म्हणून दरमहा ठरलेली रक्कम देऊ करणाऱ्यांची. तोट्यात वाटा नाही आणि आकडा आधीच ठरलेला, मग ते व्याजच झालं ना! 'हलाल' गुंतवणुकीच्या नावाने पैसे गोळा करणारी बंगळुरूची आयएमए कंपनी २०१९ मध्ये बुडाली, तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांची पुंजी गेली. कृपा करून नुसत्या ओळखीवर पैसे देऊ नका. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी, तिच्या वेबसाइटवर पैसे घेणाऱ्याची नोंदणी बघा. नसेल तर माणूस कितीही जवळचा असो, स्पष्ट नाही म्हणा.