डबाबंद टोमॅटो, डाएट सोडा आणि तुमची प्रतिक्रिया

नमस्कार,

डबाबंद टोमॅटो आणि डाएट सोडा यांच्या पोषणमूल्याची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. डबाबंद टोमॅटोत मिठाचा मारा असतो, डाएट सोड्यात कॅलरी शून्य आणि सोडियम जेमतेम 40 मिलिग्रॅम, म्हणून सोडाच उजवा, असं तुमचं म्हणणं. पुढे डब्याच्या आतल्या लेपाबद्दल आणि डाएट सोड्यात साखरेऐवजी गोडीसाठी घालतात त्या अस्पार्टेमबद्दल दोन ओळी. आणि शेवटी, ‘लेखिकेला पोषणातलं ओ की ठो कळत नाही, नुसती दिशाभूल चालली आहे.’

आधी या शेवटच्या वाक्याबद्दल बोलते. मतभेद जरूर असावेत, पण ‘दिशाभूल’ हा सरळसरळ आरोप आहे. माणूस दिशाभूल करतो ती काही पदरात पाडून घ्यायला. मी ना टोमॅटोचे डबे विकते, ना सोडा. समोरासमोर भेटलो असतो तर पहिल्याच भेटीत एका अनोळखी बाईला हे तोंडावर म्हणाला असतात का? मग लिहिताना जिभेला हाड का नसावं?

राहता राहिलं ‘ओ की ठो’. फळं-भाज्या डबाबंद करणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. टोमॅटोच्या प्रत्येक बॅचचा डबा माझ्या टेबलावर उघडायचा. फोडी आणि रस एकजीव करून त्या लगद्यात आम्लता मोजणाऱ्या पीएच मीटरची कांडी बुडवायची; आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त. आकडा 4.6 च्या खाली असल्याशिवाय माल पुढे जायचा नाही, कारण त्याच्या वर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूला वाढायला वाव मिळतो. आम्लता कमी वाटली तर सायट्रिक ॲसिड, फोडींचा गाळ होऊ नये म्हणून कॅल्शियम क्लोराइड. मीठ मात्र निव्वळ चवीसाठी. टोमॅटो टिकतो तो आम्लता, उष्णता आणि हवाबंद डबा यांच्या जोरावर. म्हणून तर बिनमिठाचा डबाही तितकाच टिकतो! आणि घरी वडिलांना रक्तदाब होता. लेबलावरची सोडियमची ओळ वाचल्याशिवाय आमच्याकडे कुठलाही डबा फोडला जात नसे. मीठ म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

सोड्याचा 40 मिलिग्रॅमचा आकडा बरोबर आहे, 355 मिलिलिटरच्या कॅनला साधारण तेवढंच सोडियम असतं. लेखातल्या तक्त्यात सोडियमचा रकाना असता तर बरं झालं असतं, हेही मान्य. पण मग पूर्ण हिशोब मांडा ना. मीठ घातलेल्या टोमॅटोत 100 ग्रॅममागे साधारण 120 ते 200 मिलिग्रॅम सोडियम असतं, बिनमिठाच्या डब्यात 10-15 च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा 2000 मिलिग्रॅमची आहे. याला ‘मारा’ म्हणायचं?

आता ते ‘शून्य कॅलरी’. तुमचं सगळं म्हणणं या एका शब्दावर उभं आहे, आणि मला सर्वांत जास्त खटकलं तेही हेच. पोषणमूल्य म्हणजे खाल्ल्या-प्यायल्यातून शरीराच्या पदरात काय पडलं ते. डाएट सोड्यातून पडतं काय? पाणी, कार्बन डायऑक्साइड, आम्ल, गोडी, रंग, कोलात असलंच तर कॅफीन. तंतू नाहीत, जीवनसत्त्व नाही, पोटॅशियम नगण्य. कॅलरी तर साध्या पाण्यातही शून्यच असतात.

टोमॅटोच्या 100 ग्रॅममध्ये कॅलरी असून असून किती, तर 20-30. एवढ्यात पोटॅशियम 190 मिलिग्रॅमच्या घरात, थोडे तंतू, आणि टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन. डबाबंद करताना उष्णतेनं क जीवनसत्त्व थोडं घटतं, हे मी लेखात लिहिलंच होतं. पण त्याच उष्णतेनं पेशींच्या भिंती फुटून लायकोपीन मोकळं होतं आणि कच्च्या टोमॅटोपेक्षा जास्त शोषलं जातं, सोबत थोडं तेल असेल तर आणखी. डब्यातलं म्हणजे निःसत्त्व, हा समज मोडावा म्हणून तर तो लेख लिहिला.

डाएट सोड्याचा उपयोग आहे, पण तो साखरेच्या सोड्यापुढे. त्या एका कॅनमधली 39 ग्रॅमच्या आसपासची साखर टळते. ती तुलना वेगळी, माझ्या लेखाचा विषय वेगळा.

लेपाबद्दल एवढंच की सोड्याच्या कॅनलाही आतून लेप असतो, तेव्हा तो मुद्दा एकट्या टोमॅटोच्या माथी मारू नका.

आणि अस्पार्टेमच्या नावानं मी लोकांना घाबरवते म्हणता. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला ‘कर्करोगजनक असण्याची शक्यता’ या गटात टाकलं. त्याच वेळी अन्नातील मिश्रकांचं मूल्यमापन करणाऱ्या तज्ज्ञ समितीनं शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज 40 मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. लेखात या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात आहेत. तो तुम्ही वाचलेला दिसत नाही. आधी वाचा, मग काय लिहायचं ते लिहा.