धंद्याला क्रेडिट कार्ड म्हणजे ५० दिवस फुकट पैसे? त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

गणपती जवळ आले की दुकानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. थोडक्यात असा: कर्जासाठी बँकेचे उंबरठे कशाला झिजवता, लाइफटाइम फ्री बिझनेस क्रेडिट कार्ड घ्या, ५० दिवस बिनव्याजी पैसे वापरा, नाहीच जमलं तर मिनिमम, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरा, प्रत्येक खरेदीवर पॉइंट कमवा, वर जीएसटी परत मिळतो, आणि कार्ड धंद्याच्या नावावर असल्यामुळे तुमच्या स्वतःच्या सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या रेकॉर्डला, धक्का लागत नाही.

मी लालबाग-परळ पट्ट्यातल्या छोट्या धंद्यांचे हिशोब बघतो, मसालेवाले, टिफिनवाल्या ताई, डेकोरेशनवाले, आणि दरवर्षी यातले बरेच जण हा मेसेज पाठवून विचारतात की घेऊ का कार्ड. कार्डाला माझा विरोध नाही, योग्य धंद्याला ते खरंच उपयोगी पडतं. पण या मेसेजवर विश्वास ठेवून घेऊ नका, का ते सांगतो.

आधी ते ५० दिवस. ते सगळ्या खरेदीला मिळत नाहीत. समजा बिल १२ तारखेला बनतं आणि भरायची तारीख पुढच्या महिन्याची २ आहे. १३ ऑगस्टला माल घेतला तर तो १२ सप्टेंबरच्या बिलात येतो आणि पैसे २ ऑक्टोबरला द्यायचे, म्हणजे ५० दिवस झाले, बरोबर. पण तोच माल ११ सप्टेंबरला घेतला तर पैसे त्याच २ ऑक्टोबरला द्यायचेत, हातात फक्त २१ दिवस. म्हणून कार्ड निवडताना पहिला प्रश्न हा की तुमचं गिऱ्हाईक पैसे कधी देतं आणि बिलाची तारीख त्याला जुळते का. ही तारीख निदान एकदा तरी बदलून मागायचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे, बँकेचा माणूस स्वतःहून सांगत नाही, तुम्ही मागा. आणि कार्डावर रोख काढली तर एकही दिवस फुकट नाही, व्याज त्याच दिवसापासून, वर काढण्याची फी वेगळी.

आता मिनिमम. मेसेजमधलं सगळ्यात धोक्याचं वाक्य हेच आहे, म्हणून इथे जरा थांबतो. बिनव्याजी मुदत फक्त पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्याला असते. थोडे जरी मागे ठेवले तर व्याज भरायच्या तारखेपासून नाही, खरेदीच्या तारखेपासून धरतात, आणि जोपर्यंत बाकी शिल्लक आहे तोपर्यंत नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. साध्या कार्डांचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे वर्षाला ४२, आणि क्रेडिट कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटीसुद्धा लागतो जो बँकेच्या साध्या कर्जाच्या व्याजावर लागत नाही. हिशोब मांडून बघा. बिल २ लाख, तुम्ही मिनिमम म्हणून १०,००० भरले, राहिले १,९०,०००. एका महिन्याचं व्याज ६,६५०, त्यावर जीएसटी १,१९७, मिळून ७,८४७. पुढच्या महिन्यात परत १०,००० भरलेत तर मुद्दल कमी होणार फक्त २,१५३ रुपयांनी, आणि यात खरेदीपासून तोवरचं मागचं व्याज मी अजून धरलेलंच नाहीये.

एका डेकोरेशनवाल्या दादांचं दिवाळीनंतरचं स्टेटमेंट आम्ही शेजारी बसून ओळ न् ओळ वाचलं होतं. कापडी फुलं आणि एलईडी माळा गणपतीआधी कार्डावर घेतलेल्या, मंडळांनी पैसे दिले विसर्जनानंतर कितीतरी आठवड्यांनी, मधल्या बिलाला त्यांनी मिनिमम भरलं आणि दिवाळीचा माल त्याच कार्डावर उचलला. त्यांना वाटत होतं की दिवाळीच्या मालाला नवीन ५० दिवस मिळाले, स्टेटमेंटवर मात्र फायनान्स चार्जची ओळ, तिच्याखाली जीएसटीची ओळ, आणि दोन्हींत नवा मालही धरलेला. धंदा चांगला झाला होता हो त्यांचा, नफ्यातला मोठा हिस्सा या दोन ओळींनी खाल्ला. ज्यांचे पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात त्यांनी कार्डावर माल उचलूच नये, त्यांच्यासाठी कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट आहे, म्हणजे बँकेने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत लागतील तसे पैसे उचलायचे, कागदपत्रं जास्त लागतात, चार चकरा मारायला लागतात, पण व्याज कार्डाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकंच असतं.

पॉइंटचं म्हणाल तर आपल्या घाऊक बाजारात कार्ड चालतं कुठे ते आधी बघा. लोहार चाळीत वायर घ्या नाहीतर मस्जिद बंदरला काजू-बदाम घ्या, कार्ड काढलं की बरेच व्यापारी दोन टक्के वर मागतात. ५०,००० च्या मालावर १,००० जादा दिले आणि पॉइंट मिळाले एक टक्क्याचे, म्हणजे ५०० रुपयांचे, तर पदरचे ५०० गेले की. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, ते खरंच सोयीचं आहे, पण ते दुकानाच्या मर्चंट क्यूआरवरच चालतं, व्यापाऱ्याने स्वतःचा खासगी नंबर दिला असेल तर नाही. जे कार्ड घेत नाहीत अशांना मधल्या कंपनीमार्फत बिझनेस कार्डाने पैसे पाठवायची एक वाट होती, ती रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये थांबवायला लावली. गाळ्याचं भाडं कार्डाने भरून पैसे फिरवा असं मेसेजच्या काही आवृत्त्यांमध्ये लिहिलेलं असतं, पण सप्टेंबर २०२५ च्या नव्या नियमांनंतर मोठ्या ॲप्सनी ती सोय बंद केली. त्यामुळे घ्यायच्या आधी तुमच्या नेहमीच्या पाच-सहा व्यापाऱ्यांना विचारा की कार्ड घेता का आणि वर किती लावता, पॉइंटचा तक्ता नंतर बघा.

जीएसटीचं थोडक्यात. परतावा कार्डामुळे मिळत नाही, तुमचा जीएसटी नंबर असलेल्या पक्क्या बिलामुळे मिळतो, मग पैसे तुम्ही चेकने द्या नाहीतर कार्डाने. कंपोझिशन स्कीममध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायच्या छोट्या धंद्यांच्या योजनेत, असाल तर तसाही मिळत नाही. कार्डाची फी आणि चार्जेसवरचा जीएसटी कंपोझिशनमध्ये नसलेल्या रेग्युलरवाल्यांना परत घेता येतो, पण त्यासाठी बँकेकडे तुमचा जीएसटी नंबर नोंदवलेला हवा.

आणि सिबिलवाला दावा तर सरळ चुकीचा आहे. आपल्याकडचे बहुतेक छोटे धंदे प्रोप्रायटरशिपवर, म्हणजे एकाच मालकाच्या नावावर, चालतात, तिथे कायद्याने धंदा आणि मालक एकच, पॅन एकच, म्हणून दुकानाच्या नावाचं कार्ड थकलं तरी डाग मालकाच्याच रिपोर्टवर पडतो. पार्टनरशिप किंवा प्रायव्हेट लिमिटेड असली तरी फॉर्मवर पर्सनल गॅरंटीची, म्हणजे धंद्याने नाही भरले तर मी भरेन अशी, सही आहे का ते बघूनच सही करा. जानेवारी २०२५ पासून बँका ही माहिती सिबिलसारख्या कंपन्यांना निदान दर पंधरा दिवसांनी कळवतात, त्यामुळे सीझनमध्ये लिमिट पूर्ण वापरलं की तेही लगेच दिसतं. एका टिफिनवाल्या ताईंना डोंबिवलीत वन आरके घ्यायचं होतं, होम लोनच्या अर्जाच्या वेळी त्यांच्या कार्डाचं लिमिट जवळजवळ भरलेलं, बँकेने पहिला प्रश्न तोच विचारला. शिवाय वर्षात १० लाखांच्या वर कार्डाची बिलं भरलीत तर ते इन्कम टॅक्सला कळतं, म्हणून घरचा खर्च आणि धंद्याचा खर्च एका कार्डावर मिसळू नका, नंतर वेगळा काढताना जीव जातो.

हल्ली मेसेजच्या शेवटी एक नवी ओळ जोडलेली असते, सरकार प्रत्येक दुकानदाराला ५ लाखांचं कार्ड देतंय म्हणून. फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये घोषणा झाली ती उद्यम पोर्टलवर नोंदलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी, पहिल्या वर्षी १० लाख कार्डांची. ५ लाख ही खर्चाची मर्यादा आहे, अनुदान नाही, वापरलेले पैसे परत भरायचेच असतात. उद्यम नोंदणी सरकारी साइटवर मोफत होते, त्यासाठी कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

ज्यांनी मेसेज वाचून आधीच कार्ड घेतलंय आणि आता नकोसं झालंय, त्यांनी सगळी बाकी भरून बँकेला बंद करायला लेखी कळवा, ईमेल चालतो. सात कामाच्या दिवसांत बंद केलं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे असतात, तसा नियमच आहे. अर्जाची तारीख लिहून ठेवा.