क्रमवारी लावणाऱ्या रसिकांस काही सूचना

डेथ ग्रिप्स या अमेरिकी संगीतगटाच्या अल्बमांची क्रमवारी लावायला बसताना पहिली काळजी ही घ्यावी की, ते अल्बम ऐकण्यात वेळ वाया जाता कामा नये. ऐकलेल्या माणसाचे मत डळमळीत होते. त्याला एखाद्या अल्बमातील दोन गाणी आवडलेली असतात, तिसरे खटकलेले असते, चौथे आधी खटकून पुढे महिन्याभराने आवडू लागलेले असते, आणि अशा माणसाला ‘हा तिसरा की चौथा?’ असे विचारले की तो ‘तसे सांगणे कठीण आहे’ असले पुळचट उत्तर देऊन बैठकीचा विरस करतो. न ऐकलेल्या माणसाला ही अडचण नसते. तो क्रमांक ठणकावून सांगू शकतो, आणि क्रमवारीत ठणकावून सांगण्यालाच तर महत्त्व असते.

गटाची माहिती जुजबी असली तरी भागते. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो शहरात 2010 च्या अखेरीस हे त्रिकूट एकत्र आले. गुरगुरत, ओरडत शब्द फेकणारा एमसी राइड, म्हणजे स्टेफन बर्नेट; ड्रम वाजवणारा झॅक हिल; कीबोर्ड आणि ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळणारा अँडी मॉरिन. ही नावे पाठ नसली तरी बिघडत नाही, कारण यादीत माणसांना जागा नसते, फक्त मुखपृष्ठांना असते.

पहिला क्रमांक ‘द मनी स्टोअर’ला द्यावा. हा अल्बम 2012 च्या एप्रिलमध्ये एपिक रेकॉर्ड्स या बड्या कंपनीकडून आला आणि अँथनी फँटॅनो या अमेरिकी समीक्षकाने त्याला दहापैकी दहा गुण दिले. दहापैकी दहा! आता त्यापुढे आपल्या कानांना विचारण्यासारखे काय उरते? परीक्षा झाली, गुणपत्रिका मिळाली, आपण फक्त पेढे वाटायचे. वेगळे दिसण्याची हौस असेल तर हाच अल्बम सहाव्या क्रमांकावर टाकावा आणि ‘ओव्हररेटेड आहे’ एवढे म्हणून पाण्याचा घोट घ्यावा. पहिला किंवा सहावा, यांपैकी काहीही चालेल. मात्र त्या अल्बमात गुणगुणता येतील अशा ओळी इतर अल्बमांपेक्षा जास्त आहेत, म्हणून नव्या श्रोत्याला तो आधी भावतो, एवढी साधी गोष्ट चुकूनही बोलू नये. ती बोलली की वाद तिथेच संपण्याचा धोका असतो.

‘एक्समिलिटरी’ यादीत घ्यावा की न घ्यावा, या प्रश्नासाठी मात्र रात्रीचा मोठा भाग राखून ठेवावा. 2011 मध्ये गटाने तो फुकट वाटला होता आणि त्याला मिक्सटेप, म्हणजे रीतसर अल्बम न म्हणता सोडलेला गाण्यांचा संच, म्हटले होते. मिक्सटेप हा अल्बम असतो का? नसेल तर त्याचा क्रमांक कोणाला द्यायचा? असेल तर मग नुसत्या वाद्यसंगीताचा ‘फॅशन वीक’ का नको? हा वाद इतका सकस आहे की तो घालताना ‘एक्समिलिटरी’मध्ये लिंक रे यांच्या 1958 सालच्या गिटारीचा तुकडा कसा कापून बसवला आहे, त्या जुन्या, करकरीत तारांवर बर्नेटचा आवाज चढतो तेव्हा काय होते, असल्या किरकोळ बाबींकडे कोणाचे लक्ष जात नाही.

‘नो लव्ह डीप वेब’चे मुखपृष्ठ घरात आजी जागी असताना मोबाइलवर उघडू नये.

शब्दसंग्रह आटोपशीर ठेवावा. ओव्हररेटेड, अंडररेटेड, एस टिअर (सर्वांत वरची पायरी; तिच्याखाली ए), बी टिअर (त्याहून खालची) आणि ‘ग्रोअर आहे’ (ऐकता ऐकता आवडत जातो) एवढ्या पाच शब्दांत कोणत्याही अल्बमाची वासलात लावता येते.

‘फॅशन वीक’ सर्वांत शेवटी ठेवावा, कारण त्यात बर्नेट गात नाही. 2014 च्या जुलैमध्ये या मंडळींनी एका कागदी नॅपकिनवर मजकूर लिहून गट बंद झाल्याचे जाहीर केले होते आणि ‘द पॉवर्स दॅट बी’ या जोडअल्बमाचा दुसरा भाग, ‘जेनी डेथ’, यायचा राहिला होता. तो कधी येणार, कधी येणार, असे चाहते सारखे विचारत होते. 2015 च्या जानेवारीत ‘फॅशन वीक’ आला. त्यातील चौदा तुकड्यांच्या नावांची शेवटची अक्षरे ओळीने वाचली की चाहत्यांचा तोच प्रश्न तयार होतो, ‘जेनी डेथ व्हेन’. आपल्याच उतावळेपणाची अशी थट्टा झालेली असताना त्या थट्टेला शेवटचा क्रमांक देऊन पुढच्या थट्टेची वाट पाहणे हेच खऱ्या चाहत्याचे लक्षण होय.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. क्रमवारीची बैठक चालू असताना कोणी अल्बम लावलाच, तर बोलणे थांबवू नये.

ही सूचना मला नुकतीच, गणपतीत, मालवणजवळच्या आमच्या घरी प्रत्यक्ष पाहायला मिळाली, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो. चाकरमानी आले होते. कसे आले, किती तासांनी आले आणि महामार्गाविषयी काय बोलत आले, ते लिहीत नाही. वाचकही त्याच रस्त्याने आलेले असतात. रात्रीची आरती झाली, वाडीतली मंडळी प्रसाद घेऊन गेली आणि पडवीत आमचा एक भाचा, त्याचे मुंबईचे दोन मित्र आणि पुण्याहून आलेले एक जाणकार गृहस्थ असे चौघे डेथ ग्रिप्सवर घसरले. मला आनंद झाला. या गटाविषयी बोलायला आमच्याकडे माणूस मिळत नाही. आरतीसाठी आणलेले मोठे स्पीकर मोकळेच होते. मी म्हटले, वाद मग घालू, आधी ‘गव्हर्नमेंट प्लेट्स’ पहिल्यापासून शेवटपर्यंत लावू या. पस्तीसेक मिनिटांचा तर आहे, आणि फोनच्या स्पीकरवर त्याचा तळ ऐकूच येत नाही, तो आज या मोठ्या स्पीकरवर ऐकू या.

लावला. त्या अल्बमाची सुरुवातच काच फुटण्याने होते. आतून काकूने विचारले, ‘काय फुटला रे?’ त्या रात्री त्या अल्बमाकडे मनापासून लक्ष दिले ते तिने. पडवीतले चौघे तोवर ‘हा पाचवा की सहावा’ यात रंगले होते. दुसरे गाणे सुरू झाले, तेव्हा पुण्याच्या गृहस्थांनी आवाज कमी करायला लावला. कशासाठी? तर त्यांना बोलता यावे म्हणून! 2013 च्या नोव्हेंबरात गटाने हा अल्बम कसलीही पूर्वसूचना न देता फुकट देऊन टाकला होता. त्यात बर्नेट बोलतो कमी. बरेचदा त्याच्या आवाजाचा एखादा तुकडा घेऊन तो वाद्यासारखा पुन्हा पुन्हा वाजवला आहे. हे नुसते सांगून कळत नाही, ते कानावर पडावे लागते, आणि ते पडू नये याची पुरेपूर व्यवस्था त्या पडवीत झाली होती. तिसऱ्या गाण्याला भाच्याने फोन ओढून घेतला आणि ‘थांबा, जेनी डेथ वरचढ कसा ते दाखवतो’ म्हणून त्यातले पहिले गाणे लावले. दहा-पंधरा सेकंद. मग दुसरे. मग तिसरे. कापडाच्या दुकानात ताग्याचे टोक चाचपून पुढे जावे, तसे.

शेजारचे काका अजून ओसरीवर बसले होते. त्यांचे आयुष्य भजनात पखवाज वाजवण्यात गेले. त्या दहा-पंधरा सेकंदांत झॅक हिलचे ड्रम ऐकून ते पुढे सरकले आणि त्यांनी विचारले, ‘हो एकटोच वाजवता, की दोघे आसत?’

संपूर्ण रात्रीत विचारला गेलेला हा एकमेव प्रश्न होता. बाकी सगळी उत्तरेच होती. आणि या प्रश्नाला आमच्या भाच्याने काय सांगावे? ‘काका, हा ए टिअर आहे.’

एकटाच वाजवतो, हे त्याला सांगता आले नाही. कारण त्याला ते ठाऊक नव्हते! झॅक हिल याआधी हेला नावाच्या दोघांच्या गटात वाजवत होता, तिथे एक गिटार आणि हा, बस्स; तिथेही एकट्याच्या हातापायांनी तो सगळी जागा भरून टाकत असे. ‘जेनी डेथ’मध्ये निक राइनहार्टची गिटार आली आहे आणि तिच्या गर्दीतून ड्रम कसे वाट काढतात, हे काकांना ऐकायचे होते. पखवाज वाजवणाऱ्या माणसाला ते ऐकायचे असणारच. चौघांपैकी एकानेही ‘थांबा काका, पहिल्यापासून लावतो’ असे म्हटले नाही. मी म्हटले, तर ‘मामा, आधी यादी पूर्ण करू दे’ असे उत्तर आले. काका थोडा वेळ बसले, मग टॉर्च घेऊन निघून गेले. मग लाइट गेली. यादी मोबाइलच्या उजेडात पूर्ण झाली.

कोणी म्हणेल की, तुलना करणे हा रसिकाचा हक्क आहे, आमच्या जिल्ह्यात तर ती परंपराच आहे. आहेच. डबलबारी म्हणजे दुसरे काय? दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाने टाकलेला प्रश्न दुसऱ्याने गाऊन फेडायचा असतो, रात्र सरते आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कोणाचा गजर सरस झाला यावरून लोक हमरीतुमरीवर येतात. पण ती हमरीतुमरी ऐकून पाहावी. अमुक बुवा गवळणीत वर गेला, पण कोरस मागे पडला. तमुकाचा पखवाजी शेवटच्या गजरात लय ओढत होता. पहिल्याने टाकलेल्या प्रश्नाला दुसऱ्याने बगल दिली. प्रत्येक मताखाली रात्री कानांनी टिपलेली एक जागा असते, आणि तिथे बोट ठेवून भांडता येते. ‘अमका बुवा बी टिअर आहे’ असे त्या टपरीवर म्हणून पाहावे. चहाचे पैसे तुमच्याकडूनच वसूल करून तुम्हाला रस्ता दाखवतील.

तेव्हा मला क्रमवारीचा राग नाही. मलाही विचाराल तर ‘नो लव्ह डीप वेब’ मी ‘द मनी स्टोअर’च्या वर ठेवीन. का, तेही सांगेन. ‘द मनी स्टोअर’ कंपनीच्या पैशावर आला, गाजला. कंपनीने पुढचा 2013 पर्यंत लांबवायचे ठरवले, तर या तिघांनी तो 1 ऑक्टोबर 2012 रोजी स्वतःच फुकट सोडून दिला आणि त्यानंतर कंपनीशी त्यांचा संबंध संपला. त्या संतापाच्या काळातला हा अल्बम कोरडा, थंड आणि भुकेला आहे. आधीच्या अल्बमातली गुणगुणण्याजोगी सजावट खरवडून काढली आहे, एक बेस, एक ठोका आणि एक माणूस एवढेच उरते, आणि त्या माणसाला लपायला जागा राहत नाही. हे कोणाला पटणार नाही. मग त्याने सांगावे की कुठल्या गाण्यात, कुठल्या ठिकाणी ते खोटे ठरते. मी ऐकेन. रात्रभर ऐकेन. पण त्यासाठी त्याने ते गाणे ऐकलेले असले पाहिजे, आणि इथेच तर सगळे घोडे पेंड खाते.

कारण तुम्ही ऐकत नाही. हे आता सरळच सांगतो, सूचना वगैरे पुरे झाल्या. तुम्ही दुसऱ्याची यादी वाचता, तिच्यातले दोन क्रमांक इकडचे तिकडे करता आणि ती स्वतःची म्हणून मिरवता. ज्या अल्बमाची तीन गाणी तुम्ही पुरती ऐकली नाहीत, त्याला सहावा क्रमांक देताना तुमची जीभ अडखळत नाही. 2014 मध्ये आलेल्या ‘द पॉवर्स दॅट बी’च्या पहिल्या भागात आठही गाण्यांत ब्यर्क या आइसलँडच्या गायिकेच्या आवाजाचे तुकडे विणले आहेत, आमच्या पडवीतल्या चौघांपैकी दोघांना ती त्यात आहे हेच माहीत नव्हते, आणि त्या दोघांनीच तो भाग शेवटून दुसरा ठेवला होता. लाज वाटायला हवी. बंडखोर संगीत ऐकतो म्हणून छाती पुढे काढायची आणि वागायचे मात्र निकालाच्या दिवशी शेजाऱ्याच्या मुलाचे टक्के विचारणाऱ्यासारखे! वर जो माणूस खरोखर कान देऊन प्रश्न विचारतो, त्याला टिअर सांगून उठवून लावायचे.

‘इयर ऑफ द स्निच’ त्या यादीत सगळ्यात खाली होता. 2018 चा अल्बम. त्यात डीजे स्वॉम्पच्या तबकड्यांची घासाघीस आहे, टूल या गटाचा बेसवादक जस्टिन चॅन्सेलर आहे. का खाली, असे मी विचारले, तर ‘तो कोणालाच आवडत नाही’ असे उत्तर मिळाले. कोणालाच म्हणजे कोणाला? तुला आवडला का? यावर भाचा गप्प. सदतीस मिनिटांचा अल्बम आहे, बाळा. कुडाळहून मालवणला येणाऱ्या एसटीला त्याहून जास्त वेळ लागतो आणि वाटेत रेंज नसते, तेव्हा आधी उतरवून घे आणि कानात घालून बस. तेवढेही जमत नसेल, तर पुढच्या गणपतीत माझ्या पडवीत यादी काढायची नाही.