‘त्या वयात काय कळतंय?’ – फोनवर फिरणाऱ्या एका संदेशाला उत्तर

‘बालवाडीत समानता शिकवायचं नवं खूळ निघालंय. तीन-चार वर्षांच्या पोरांना मुलगा-मुलगी काय कळतंय? मुलग्यांना गाड्या आणि मुलींना बाहुल्या आवडतात ही निसर्गाचीच योजना आहे, माकडांमध्येसुद्धा तसंच दिसतं. असल्या प्रयोगांनी मुलगे मुळूमुळू रडणारे होतील. आणि एखाद्याने मुलीची वेणी ओढली तर एवढं काय झालं? मुलांना मुलांसारखं वाढू द्या.’

हा संदेश मला निदान पाच जणांनी पाठवला असेल, त्यातल्या दोघांनी टाळ्यांच्या चित्रांसकट. बालवाडीत बरीच वर्षं काढलेली असल्यामुळे गप्प बसवेना. तेव्हा एकेक वाक्य घेते.

‘त्यांना काय कळतंय?’ बरंच कळतं. अडीच-तीन वर्षांचं मूल ‘मी मुलगा’, ‘मी मुलगी’ असं ठासून सांगतं. कळायचं राहिलेलं असतं ते पुढचं. केस कापले, कपडे बदलले तरी मुलगी मुलगीच राहते, हे पक्कं व्हायला बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांचं व्हावं लागतं. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९६६मध्येच या टप्प्यांची मांडणी केली होती. तोवर मुलं बाहेरच्या खुणांवरून निकाल लावतात.

मानसशास्त्रज्ञ सँड्रा बेम आपल्या छोट्या मुलाचा किस्सा सांगत. तो एकदा केसांना क्लिपा लावून बालवाडीत गेला. तिथला एक मुलगा त्याच्या मागेच लागला, ‘तू मुलगी आहेस, क्लिपा मुली लावतात.’ शेवटी वैतागून बेम यांच्या मुलाने चड्डी खाली करून पुरावाच दाखवला. त्यावर समोरच्याचं उत्तर: ‘ते सगळ्यांनाच असतं. क्लिपा फक्त मुली लावतात.’

हसू येतंच. पण त्या पोराने नियम किती मन लावून शिकून घेतला होता बघा! या वयात मुलं अडाणी नसतात, उलट कमालीची नियमनिष्ठ असतात. मोठ्यांनी सहज म्हटलेलं ‘हे मुलींचं’ त्यांच्या लेखी कायदा होतो.

तो कायदा कुठवर पोचतो, ते २०१७मध्ये लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिम्पियन यांनी अमेरिकन मुलांमध्ये तपासलं. एका ‘खूप खूप हुशार’ माणसाची गोष्ट सांगायची, तो पुरुष की बाई ते सांगायचं नाही, आणि चित्रांतून ओळखायला लावायचं. पाच वर्षांच्या मुली बायकांची चित्रं निवडत, मुलगे पुरुषांची. सहा-सात वर्षांच्या मुलींचा बायकांवरचा हा भरवसा घटलेला दिसला. ‘खूप हुशार मुलांसाठी’ म्हणून सांगितलेल्या खेळातही त्यांना मुलग्यांपेक्षा कमी रस होता. शाळेत चांगले गुण मुलीच मिळवतात, हे मात्र याच मुलींना ठाऊक होतं. म्हणजे पाच आणि सहा या दोन वाढदिवसांमध्ये काहीतरी घडून जातं.

‘शिकवायचं नवं खूळ निघालंय.’ माझा सगळ्यात मोठा आक्षेप या वाक्याला आहे, कारण त्यात गृहीत धरलंय की आज बालवाडीत या विषयावर काहीच शिकवलं जात नाही. शिकवलं जातं. रोज, दिवसभर, कुठल्याही तक्त्याशिवाय.

बेव्हर्ली फॅगट आणि सहकाऱ्यांनी १९८५मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला या बाबतीत सर्वांत बोचतो. त्यांनी १३-१४ महिन्यांच्या बाळांचे खेळगट पाहिले. हिसकावणं, ढकलणं, ओरडणं यांत मुलगे आणि मुली सारखेच होते. फरक होता तो सांभाळणाऱ्या मोठ्यांमध्ये. मुलग्याने धसमुसळेपणा केला की त्याच्याकडे लक्ष जाई. मुलीच्या तसल्या वागण्याकडे बहुतेक वेळा कुणी बघतच नसे, ती हलकेच काही सांगू लागली की मात्र प्रतिसाद मिळे. साधारण ११ महिन्यांनी तीच बाळं पुन्हा पाहिली. आता मुलगे जास्त दांडगाई करत होते आणि मुली मोठ्यांशी जास्त बोलत होत्या. तेव्हा कुणी म्हटलं असतं, ‘बघा, मुलगे असेच असतात,’ तर त्याला समोर दिसत होतं तेच तो बोलला असता. फक्त आधीचे ११ महिने त्याने पाहिलेले नसते.

यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. १९७६मध्ये जॉन आणि सँड्रा काँड्री यांनी नऊ महिन्यांच्या एकाच बाळाची चित्रफीत लोकांना दाखवली. डबीतून उडी मारणारं खेळणं बघून बाळ रडतं. बाळ मुलगा आहे असं ज्यांना सांगितलं त्यांना त्या रडण्यात राग जास्त दिसला, मुलगी सांगितलं त्यांना भीती. राग आलेल्याशी आपण एक वागतो, घाबरलेल्याशी दुसरं. आपल्या भाषेने खरं तर सोय करून ठेवली आहे, बाळ ‘रडतं’. तो किंवा ती व्हायची त्याला घाई नसते, आपल्याला असते.

माझाही हात यात स्वच्छ नाही. मी वर्षानुवर्षं ‘मुलांची एक रांग, मुलींची एक रांग’ करत आले. का, तर मोजायला सोपं. लेसी हिलियर्ड आणि लिन लिबेन यांनी २०१०मध्ये नेमकी हीच सवय तपासली. काही वर्गांत दोन आठवडे मुलगे-मुली असा उल्लेख सतत करायचा, रांगा आणि फलक वेगळे ठेवायचे. कुणाला कमी लेखायचं नाही, बाकी एक शब्द वावगा बोलायचा नाही. एवढ्यानेसुद्धा त्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांचे ठोकळेबाज समज वाढले आणि मुलगे-मुली एकमेकांशी कमी खेळू लागले. ते वाचल्यावर मी रांगा बुटांच्या रंगावरून लावू लागले. गोंधळ होतो, पण पोरांना मजा येते.

‘ही निसर्गाची योजना, माकडांमध्येसुद्धा.’ निसर्गाचा काहीच वाटा नाही असं मी म्हणणार नाही. गर्भात असताना नर-संप्रेरकं जास्त मिळालेल्या मुली सरासरीने गाड्या-ठोकळ्यांकडे अधिक वळतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण माकडांवर एवढा भार टाकू नये. माकडांना खेळणी देऊन केलेल्या २००२च्या प्रसिद्ध प्रयोगात व्हर्व्हेट जातीच्या माद्या नरांपेक्षा बाहुलीबरोबरच स्वयंपाकाच्या भांड्याशी जास्त वेळ खेळल्या. स्वयंपाक माकडं करत नाहीत. मग भांडं ‘मुलींचं’ आहे हे त्यांना निसर्गाने कसं सांगितलं असेल? त्यांना त्यात दुसरंच काही आवडलं असणार; ‘बायकी’ हे नाव आपण दिलं. २००८मध्ये ऱ्हीसस माकडांवर तसाच प्रयोग झाला, त्यात नरांनी चाकांची खेळणी पसंत केली, पण माद्यांची ठरावीक अशी पसंती दिसलीच नाही.

आणि कल असला तरी बालवाडी करणार काय? ठोकळे रचताना तोल, अंतर, आकार हाताला कळतात. भातुकलीत बोलणं, वाटून घेणं, दुसऱ्याचं ऐकणं जमतं. हे दोन्ही सगळ्यांनाच लागतं. बाहुली काढून घ्या असं कुणी म्हणत नाही, ठोकळ्यांचा कोपरा अडवू नका एवढंच.

‘मुलगे मुळूमुळू रडणारे होतील.’ दोन ओळींपूर्वी आवड निसर्गाने पक्की करून दिली होती, आता ती भातुकलीच्या चार डावांत विरघळते! दोन्हीपैकी एक काहीतरी ठरवा. स्वीडनमध्ये लिंगभेदाच्या चौकटी जाणीवपूर्वक टाळणाऱ्या एका बालवाडीतल्या मुलांची २०१७मध्ये इतर बालवाड्यांतल्या मुलांशी तुलना झाली. अभ्यास लहान होता. समोरचा मुलगा आहे की मुलगी हे या मुलांनाही इतरांइतकंच लक्षात येत होतं. पण ‘हे मुलग्यांचं, ते मुलींचं’ असे समज त्यांच्यात कमी होते आणि अनोळखी मुलींशी खेळायला मुलगे आणि अनोळखी मुलग्यांशी खेळायला मुली जास्त तयार होत्या. ओळख पुसली गेली नव्हती.

रडण्याचं म्हणाल तर रडतातच मुलगे. ‘रडूबाई’ म्हटल्याने थांबतात ते अश्रू. दुखणं तसंच राहतं, आणि बाई असणं ही शिवी आहे हेही फुकटात शिकून होतं.

‘वेणी ओढली तर एवढं काय?’ ओढणारा चार वर्षांचा आहे, गुन्हेगार नाही. त्याला शिक्षा करा असं मी म्हणत नाही. पण त्या क्षणी आपण मुलीला काय सांगतो? ‘तू त्याला आवडतेस म्हणून करतो तो.’ म्हणजे दुखवणं ही आवडीची खूण आहे, असं आपण दोघांनाही एका वाक्यात सांगून टाकतो.

मी आता इतकंच करते. आधी मुलीकडे बघून विचारते, ‘तुला आवडलं का?’ ती ‘नाही’ म्हणते. मग त्याला म्हणते, ‘ऐकलंस? तिला खेळायला बोलवायचं असेल तर कसं बोलवशील?’ बहुतेकांना माहीत नसतं, कारण वेणी ओढली की ती वळून बघते, एवढा एकच उपाय त्यांना सापडलेला असतो. दोनदा-तीनदा नाव घेऊन हाक मारून बघतात. कधी ती येते. कधी ‘आत्ता नको’ म्हणते, आणि मग त्याला थोडा वेळ ठोकळ्यांच्या कोपऱ्यात माझ्याशेजारी बसून फुरंगटायचं असतं.