‘बेटावरची सर्कस’ : एका प्रतिक्रियेला लांबलेलं उत्तर

नमस्कार, ‘सिंगल हँडीकॅपर’ साहेब. (इतर वाचकांसाठी : हँडीकॅप म्हणजे गोल्फमध्ये मिळणारी फटक्यांची सूट. ती जितकी कमी तितका खेळाडू चांगला, सिंगल म्हणजे एक आकडी. खरं नाव दिलं असतंत तर नावानं हाक मारली असती. मी माझ्या नावानं लिहितो. असो.)

मागच्या लेखात मी फ्लोरिडातल्या सॉग्रास या गोल्फ कोर्सच्या सतराव्या होलला (होल म्हणजे टीपासून, पहिल्या फटक्याच्या जागेपासून, खळीपर्यंतचा टप्पा), म्हणजे पाण्याच्या मधोमध असलेल्या त्या प्रसिद्ध ग्रीनला, खळीभोवतीच्या हिरवळीला, ‘सर्कस’ म्हटलं आणि स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या सतराव्या होलला उत्तम रचना म्हटलं. त्यावर तुमची प्रतिक्रिया रात्री पावणेबाराला आली. मी ती सकाळी वाचायला घेतली आणि चहा निवला.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. होल १३७ यार्डांचं आहे, मी १४७ लिहिलं होतं. चूक माझी, दुरुस्त केली. बेटाची कल्पना कोर्सचे रचनाकार पीट डाय यांची नसून त्यांच्या पत्नी ॲलिस यांची, हेही मान्य. त्या जागी वाळू चांगली निघाली, बाकीच्या कोर्ससाठी ती उपसत गेले, खड्डा वाढत गेला, तेव्हा ॲलिसबाईंनी सुचवलं की आता भोवती पाणीच ठेवा. हे मला ठाऊक होतं, लिहायचं राहिलं.

आता तुमचं ते वाक्य : ‘बावीस हँडीकॅपच्या हौशी पेन्शनराने पीट डायला डिझाइन शिकवू नये, स्वतःचे बॉल तळ्यात गेले म्हणून होल वाईट ठरत नाही.’

एक तर माझा हँडीकॅप एकवीस आहे.

दुसरं, ‘शिकवू नये’ ही काय भाषा झाली? होल आवडलं नाही असं मी लिहिलं आणि का आवडलं नाही तेही लिहिलं : दुबळ्या खेळाडूला तिथे वाटच नाही. त्या ‘का’बद्दल तुम्ही एक अक्षर काढलेलं नाही, काढलंत ते माझं वय. आणि सॉग्रासला मी खेळलेलोच नाही, हे लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात आहे. तेव्हा माझे बॉल त्या तळ्यात जातील कसे? गेले ते इकडच्या तळ्यांत, आणि त्याचा हिशेब माझ्यापाशी आहे.

तुमचा नियम लावायचा तर ॲलिस्टर मॅकेन्झींना त्यांनीच रचलेल्या ऑगस्टा कोर्सच्या फाटकातूनच परत पाठवावं लागेल. हे गृहस्थ पेशानं डॉक्टर, आणि आयुष्याचा बराच काळ खेळाडू म्हणून बेताचेच. त्यांनी १९२० मध्ये चांगल्या कोर्सची तेरा तत्त्वं मांडली. त्यातलं एक असं, की दुबळ्या खेळाडूला एखादा फटका जास्त लागला तरी चालेल, पण त्याला जायला दुसरी वाट हवी. हरवलेले बॉल शोधत बसायचा वैताग नको, हेही त्यात आहे. स्वतः पीट डाय आधी विमा विकायचे. (खेळायचे उत्तम, १९५७ च्या यूएस ओपनमध्ये उतरले होते, हे मला माहीत आहे. लगेच लिहायला बसू नका.)

आणि ‘हौशी पेन्शनर’? वडील एमईएसमध्ये, लष्कराच्या बांधकाम खात्यात, कारकून होते. छावणीतलं नऊ होलचं मैदान आमच्या क्वार्टरच्या मागच्या तारेला लागून. तिथे ग्रीन नव्हती, ब्राउन होती : तेल घातलेल्या वाळूचा गोल. साहेब लोकांचे पट, म्हणजे खळीकडे ढकलायचे हलके फटके, झाले की गोणपाट ओढून ती वाळू पुन्हा सारखी करायची. नवव्या वर्षापासून ते काम मी केलंय. हाताला तेलाचा वास राहायचा, आई जेवायला बसू द्यायची नाही. बॉल जमिनीवरून कसा पळतो, कुठे दमतो, हे मी हातात क्लब धरण्याआधी शिकलो. क्लबची मेंबरशिप रिटायर झाल्यावर घेतली, कारण आधी परवडत नव्हती. यात हसण्यासारखं काय आहे ते कळवा.

आता तळ्यांचा हिशेब. आमच्या चौकडीत नाना आहेत, वय ७४, चांगला बसला तर ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा लांब फटका, १२० यार्ड. दोन वर्षांपूर्वी एका नव्या कोर्सवर गेलो होतो, नाव घेत नाही. तिथल्या एका होलला सगळ्यात पुढच्या टीवरूनही १४० यार्ड पाणी ओलांडायचं होतं. डावीकडून वाट नाही, उजवीकडून नाही. नानांनी बॉल ठेवायची खुंटी रोवली, पाण्याकडे पाहिलं, खुंटी उपटून शर्टाच्या खिशात घातली आणि म्हणाले, ‘तुम्ही मारा, मी पलीकडे भेटतो.’ बांधावरून चालत गेले. फी आमच्याइतकीच भरली होती. नाना वाईट खेळले म्हणून मी त्या होलला नावं ठेवत नाही. त्या होलनं त्यांना खेळूच दिलं नाही.

सॉग्रासचा सतरावा याच जातीचा. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या अगदी वाईट हौशी गोल्फरांची एक स्पर्धा त्याच कोर्सवर झाली. त्यातल्या एकाला या होलवर ६६ फटके लागले. शेवटी त्यानं पटर, पट मारायची काठी, काढला आणि ग्रीनकडे जाणाऱ्या चिंचोळ्या वाटेवरून बॉल ढकलत नेला. दुबळ्यासाठी वाट होती म्हणायची, पायवाट! लोक हसले, टीव्हीवाले खूश. सर्कस म्हणजे आणखी काय असतं?

उलट सेंट अँड्र्यूजचा सतरावा घ्या. पुढे खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, मागे रस्ता आणि भिंत. १९७८ च्या ब्रिटिश ओपनमध्ये जपानचे टॉमी नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर पोचले होते. पट घरंगळून बंकरमध्ये गेला, बाहेर यायला चार फटके, होलवर एकूण नऊ. म्हणजे होल मऊ नाही. पण नाना तिथे काय करतील? वाटेतल्या शेडच्या डोक्यावरून जाणारी जवळची वाट सोडून डावीकडून लांबच्या वाटेनं जातील, ग्रीनच्या उजवीकडे अलीकडेच थांबतील, मग चिप, म्हणजे छोटा उचललेला फटका, आणि दोन पट. सात. आणि संध्याकाळी त्या सातची गोष्ट तीनदा सांगतील.

बाकी मुद्दे किरकोळ आहेत. सेंट अँड्र्यूज वाळूवर आहे, आपल्याकडे काळी माती आणि चार महिने पाऊस, म्हणून इथे जमिनीलगतचा खेळ चालणार नाही, हा एक. माती आणि निचरा मला सांगू नका, पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली आहेत. पावसाळ्यात चिखल होतो, कबूल. उरलेल्या आठ महिन्यांचं काय? त्यावर सवडीनं स्वतंत्र लिहीन.

दुसरा मुद्दा अमेरिकेतल्या पाइनहर्स्ट नंबर दोन या जुन्या कोर्सचा. कूर आणि क्रेनशॉ या रचनाकारांनी तिथला हिरवा रफ, कडेचं वाढवलेलं गवत, काढून उघडी वाळू आणि रानगवत परत आणलं, तेही आधुनिकच, मग आधुनिक डिझाइनला सरसकट का झोडपता, असं तुमचं म्हणणं. अहो, ते तर माझ्याच बाजूचे झाले! २०१४ मध्ये पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन लागोपाठच्या आठवड्यांत त्याच कोर्सवर झाली, ती हा बदल झाल्यावर. ‘आधुनिक’ हा शब्द मी थोडा सैल वापरला असेल. लेखाचा रोख कुठे होता, ते कळायला सिंगल हँडीकॅप लागत नाही.

दर रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही पहिल्या टीवर असतो. चौथा भिडू बऱ्याचदा कमी पडतो. यायचं असेल तर या, नावासकट. १४७ चे १३७ केले आहेत. ‘सर्कस’ तसंच ठेवतोय.