बोर्डिंग पासच्या आधी काय घडलं होतं?

दर काही महिन्यांनी एक पोस्ट फिरून फिरून समोर येते. शब्द थोडे बदलतात, सांगणं तेच: 'खरी कल्पना विजेसारखी कोसळते. पियूष पांडेंनी कॅडबरीचं गाणं बोर्डिंग पासवर लिहिलं, मिल्टन ग्लेझरने न्यूयॉर्कचं बोधचिन्ह टॅक्सीत काढलं. ब्रीफ (क्लायंटने आखून दिलेलं काम), रिसर्च आणि डेडलाइन यांनी जाहिरात एजन्सीतली कल्पकता मारली. सुचत नसेल तर चोरा, पिकासोही तेच म्हणून गेला. आणि जमलं तर एजन्सी सोडा.' एजन्सीत नुकती लागलेली मुलं ही पोस्ट मनापासून शेअर करतात. रात्री दहा वाजता चौथा रिवर्क करताना ती पटतेही. तरी तिच्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ अर्धवट आहे.

'कल्पना विजेसारखी कोसळते.' बोर्डिंग पासचा किस्सा घेऊ. जाहिरातकार पांडेंनी ते गाणं प्रवासात, हाताला लागलेल्या कागदावर उतरवलं, असं सांगतात. सांगणारे एवढ्यावरच थांबतात. त्या काळी आपल्याकडे चॉकलेट म्हणजे पोरांचा खाऊ. मोठ्या माणसाने चारचौघांत, लाज न वाटता ते कसं खावं, हा ओगिल्वी या पांडेंच्या एजन्सीसमोरचा प्रश्न होता आणि तो विमानात चढण्याआधीच पक्का झाला होता. 1994 ची ती जाहिरात आठवून पाहा. फलंदाज षटकार मारतो आणि एक तरुणी पहारेकऱ्याला हुलकावणी देऊन थेट मैदानात नाचत शिरते. हातात चॉकलेट, वागणं पोरासारखं आणि वय मोठ्या माणसाचं. प्रश्न इतका नेमका नसता, तर त्या कागदावर नुसतं गोड गाणं उरलं असतं.

डिझायनर ग्लेझरची टॅक्सी तर या पोस्टच्या विरुद्धच साक्ष देते. 'आय लव्ह न्यूयॉर्क' हे शब्द मोहिमेत आधीच ठरले होते. ग्लेझरने त्यांचं एक डिझाइन करून दिलं होतं आणि ते पासही झालं होतं. पण ते त्याच्या डोक्यातून जाईना. मग टॅक्सीत लाल क्रेयॉनने लिफाफ्याच्या तुकड्यावर बदामाचं चिन्ह उमटलं आणि त्याने संबंधित अधिकाऱ्याला पुन्हा भेटायला लावलं. तो चिटोरा आज न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहे. क्लायंटने होकार दिल्यानंतरही काम चघळत बसण्याची ही गोष्ट आहे. एका झटक्यात सुचण्याशी तिचा संबंध कमीच. (क्लायंटने 'फायनल' म्हटल्यावर स्वतःहून फोन करून 'जरा थांबा' म्हणणारा डिझायनर आपल्याकडच्या, क्लायंट सांभाळणाऱ्या सर्व्हिसिंगवाल्यांना कितपत परवडेल, हा प्रश्न वेगळा.)

'रिसर्च कल्पकता मारतो.' वाईट रिसर्च मारतो, यात वाद नाही. आठ बायकांना एका खोलीत बसवून 'तुम्हाला निळा आवडेल की हिरवा' विचारणं, याला मी रिसर्च म्हणत नाही. पण ओगिल्वी एजन्सीचा संस्थापक डेव्हिड ओगिल्वीने 1958 मध्ये रोल्स रॉइसचं काम हाती घेतलं तेव्हा त्याच्याच सांगण्यानुसार तीन आठवडे तो फक्त त्या गाडीबद्दल वाचत होता. ताशी साठ मैल वेगाने जाताना गाडीतला सगळ्यात मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा असतो, हे वाक्य त्याला अशा वाचनातच सापडलं. मोटारींच्या एका मासिकाच्या तांत्रिक संपादकाने ते लिहून ठेवलं होतं. ओगिल्वीने ते ओळखलं आणि मथळा केलं. मूडबोर्डवर, म्हणजे संदर्भचित्रांच्या फलकावर, सूर्यास्त आणि वळणाचे घाट लावून ते मिळालं नसतं.

आपल्याकडचं उदाहरण लिरिल साबणाचं. जाहिरातकार अलेक पदमसी लिंटास या एजन्सीतली ही गोष्ट सांगत. बायकांशी बोलताना कळलं की दिवसभर घरच्यांसाठी राबणाऱ्या बाईला स्वतःची अशी आठ-दहा मिनिटंच मिळतात, तीही न्हाणीघरात. तिथे ती स्वप्नं पाहते. तिथून कोडाईकनालचा धबधबा आला, हिरवी बिकिनी घातलेली कॅरन लुनेल आली. ती जाहिरात पाहून आपण सगळे धबधब्याबद्दल बोललो. सापडलेली खरी गोष्ट होती न्हाणीघराची कडी. हल्ली रेफरन्स म्हणून तीच जाहिरात दाखवतात आणि नव्या साबणालाही धबधबाच लावतात, हे पाहून हसावं की रडावं कळत नाही.

'ब्रीफ आणि डेडलाइन म्हणजे बेड्या.' अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी 1966 पासून होर्डिंगवर आहे. सिल्वेस्टर दाकुन्हांची एजन्सी, युस्टेस फर्नांडिस यांचं चित्र. चौकट किती घट्ट: मुलगी, ताजी बातमी, एक शाब्दिक कोटी, लोणी. बातमी शिळी व्हायच्या आत रंगवून चढवायचं. इतक्या अरुंद जागेत साठ वर्षं काम चाललं. कारण अमूलच्या वर्गीस कुरियन यांनी प्रत्येक होर्डिंगसाठी आधी मंजुरी घ्यायची अट ठेवली नाही. म्हणजे चौकट होती, दहा जणांच्या सह्या नव्हत्या. पोस्टवाल्यांचा खरा राग या सह्यांवर असावा आणि तिथे मी त्यांच्या बाजूने आहे.

व्होडाफोनच्या जाहिरातीतली पांढरी पात्रं, झूझू, 2009 च्या आयपीएलसाठी आले. स्पर्धा चालू असताना रोज नवी जाहिरात हवी होती, तिसेक फिल्म लागणार होत्या. ॲनिमेशनला वेळ लागला असता, म्हणून पांढऱ्या पोशाखात माणसं घालून केपटाऊनला चित्रण झालं. ते विचित्र, डुलणारं चालणं त्या घाईतूनच जन्माला आलं.

आणि नाटकांच्या नावांची अक्षरं रेखाटणारे कमल शेडगे? वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीला मिळणारी ती चिंचोळी जागा, साधा कागद, काळी शाई. तेवढ्यात नाटक गंभीर की फार्स, हे केवळ अक्षरांच्या वळणावरून कळायचं. मोठी जागा आणि रंग मिळाले असते तर कदाचित अक्षरांवर इतका जीव लावावा लागला नसता.

'पिकासो म्हणाला, चोरा.' पिकासोने असं म्हटल्याचा पुरावा नाही. स्टीव्ह जॉब्झने त्याचं नाव जोडून ते वाक्य गाजवलं. जवळचं काही छापील आहे ते टी. एस. एलियटचं, 1920 मधलं, कवींबद्दलचं. त्यात पुढची अट आहे: चांगला कवी घेतलेल्याचं काहीतरी अधिक चांगलं, निदान वेगळं करतो. फॉरवर्डमध्ये अट गळाली. डॅन वायडनने 1988 मध्ये नाइकीसाठी 'जस्ट डू इट' लिहिलं ते युटातल्या गॅरी गिल्मोर या खुन्याच्या, त्याला मृत्युदंड म्हणून गोळ्या घालण्यापूर्वीच्या शेवटच्या शब्दांवरून. घ्यायचंच तर इतक्या लांबून घ्यावं. पुरस्कार मिळालेल्या जाहिरातींची साइट उघडून घेतलेलं दुसऱ्या एजन्सीतल्या माणसानेही त्याच दुपारी घेतलेलं असतं.

'एजन्सी सोडा.' फुकटच्या पिचेस (काम मिळवण्यासाठीची सादरीकरणं), शनिवार-रविवार, आणि आम्हा मराठी लिहिणाऱ्यांच्या वाट्याला संध्याकाळी सहाला येणारी हिंदी ओळ, 'जरा ॲडॅप्ट करून दे' म्हणत. या कारणांसाठी कोणी सोडत असेल तर मी अडवणार नाही. पण कल्पकता तिथे मरते म्हणून सोडणार असाल तर र. कृ. जोशींचं काम पाहा. कवी, सुलेखनकार आणि अनेक वर्षं उल्का या जाहिरात संस्थेतले कलादिग्दर्शक. अक्षरांचा ध्यास त्यांनी एजन्सीतली नोकरी करतानाच धरला. पुढे विंडोजसाठी 'मंगल' हा देवनागरी टंक केला तो त्यांनीच.