बर्फात जायचं म्हणून हेल्मेट एक नंबर मोठं? मुळीच नाही

इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक निरोप फिरतोय. लडाख, स्पीती, मनालीला दुचाकीवर जाणाऱ्यांना त्यात चार सल्ले दिलेत. हेल्मेट एक नंबर मोठं घ्या, म्हणजे आत माकडटोपी मावेल. हवेची भोकं चिकटपट्टीने बुजवा. बर्फाने डोळे दिपतात, तेव्हा काळी काच लावा. आणि हेच हेल्मेट पुढे मनालीजवळच्या सोलंगला स्कीइंगला वापरा, भाडं वाचेल. यातला पहिला सल्ला सगळ्यात घातक, म्हणून आधी तोच.

‘एक नंबर मोठं घ्या’

हेल्मेटच्या कवचाखाली ईपीएसचा, म्हणजे थर्माकोलच्या जातीचा टणक थर असतो. आपटल्यावर तो चेपतो आणि धक्का पोटात घेतो. आतल्या मऊ गाद्यांचं काम वेगळं, डोकं जागेवर धरून ठेवण्याचं. मधे लोकरीची जाड टोपी आली की ती पकड जाते. पडताना डोकं टोपीसकट आत फिरतं, आणि हेल्मेट डोळ्यांवर येतं किंवा मागे सरकून कपाळ उघडं पाडतं. पट्टा आवळलेला असला तरीही.

बरं, ऊब तरी मिळते का? सैल हेल्मेट उलट जास्त गार लागतं. मानेजवळची फट मोठी होते आणि गाडीने वेग घेतला की वारा तिथूनच आत घुसतो. विरळ विणीची माकडटोपी तो अडवत नाही. ऊब हवी असेल तर मान झाका: गळ्यात नेक ट्यूब, तिच्यावर जॅकेटची कॉलर आणि हेल्मेटला हनुवटीखाली लावायचा कापडी पडदा. डोक्यावर एक पातळ बलाक्लावा, म्हणजे डोकं आणि मान झाकणारी घट्ट बसणारी टोपी, पुरतो. मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा घ्या, टाळूवर जाड शिवण नसलेला. तासाभरात ती शिवण डोक्यात रुतते.

माप घेताना टेप भुवयांच्या अडीच सेंटिमीटर वरून आणि मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवा. तीनदा मोजा आणि मोठा आकडा धरा. पुष्कळ कंपन्यांत ५७-५८ सेंटिमीटर म्हणजे मिडियम आणि ५९-६० म्हणजे लार्ज, पण तक्ता त्या-त्या कंपनीचाच बघा. दुकानात बलाक्लावा सोबत न्या आणि तो घालूनच हेल्मेट चढवा. गाल दाबले गेले पाहिजेत. कपाळ आणि गादी यांच्यात बोट शिरता कामा नये. पट्टा लावून हेल्मेट दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे फिरवा, कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे. मग मागची कड धरून वर आणि पुढे ढकला. निघून आलं तर तिथेच ठेवून या.

पंधरा-वीस मिनिटं घालून बसा, मे महिन्यातल्या इंदुरात घाम फुटला तरी. काढल्यावर कपाळाच्या मधोमध लाल वळ दिसला तर लांबट डोक्यावर गोल घडणीचं हेल्मेट चढलंय. त्यावर उपाय दुसरं मॉडेल, मोठा नंबर नव्हे. फक्त गालच फार आवळत असतील तर पातळ गालगाद्या मागा. दुकानदार ‘पहनते-पहनते सेट हो जाएगा’ म्हणतो ते गालांपुरतं खरं, कपाळापुरतं नाही. आणि १ ऑगस्ट २०२५ला इंदुरात ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ सुरू झालं तेव्हा पंपापुरतं घेतलेलं टोपलं या प्रवासाला नेऊच नका. आयएसआय खुणेजवळचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे कंपनीचा परवाना क्रमांक, बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो.

‘भोकं बुजवा’

थंडीत काचेवर जे धुकं धरतं, ती आपल्याच श्वासाची वाफ. भोकं बुजवली की ती आतच कोंडते. हनुवटीचं भोक फार गार लागलं तर बंद करा, वरचं किंचित आणि मागचं पूर्ण उघडं असू द्या. नाकावर ब्रेथ गार्ड लावा, म्हणजे श्वास खाली वळतो. बलाक्लावा नाकावर ओढला तर तोच श्वास वर चष्म्यावर जातो.

खरा इलाज पिनलॉक. काचेच्या आत दुसरी पातळ काच बसते आणि दोन्हींच्या मधे हवा अडकते. काचेला त्यासाठी दोन पिना असाव्या लागतात, म्हणून खरेदीच्या वेळीच विचारा. बसवल्यावर कडेची सिलिकॉनची रेघ सलग टेकलेली दिसली पाहिजे. कुठे तुटक दिसली तर पिना थोड्या फिरवून ताण वाढवा, नाहीतर दोन काचांच्या मधेच धुकं धरेल आणि ते पुसता येणार नाही. टूथपेस्ट घासायचा घरगुती उपाय काचेवर चरे पाडतो, मग समोरच्या ट्रकचा दिवा पसरून डोळ्यांवर येतो.

ओलं झालेलं हेल्मेट रात्री गाडीला टांगून ठेवू नका, गाद्या गोठतात. बुखारीला, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीला, चिकटवूनही ठेवू नका, ईपीएस उष्णतेने बिघडतं. खोलीत काच उघडून ठेवा, बस.

‘काळी काच लावा’

ताज्या बर्फावरून अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फिरतो, त्यामुळे डोळे झाकायला हवेतच. पण मनालीहून लाहौलला जाताना ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा लागतो. लख्ख बर्फातून काळ्या काचेनिशी आत शिरलात की पहिले काही क्षण काहीच दिसत नाही. पारदर्शक काच आणि आतून खाली ओढायचा काळसर सनव्हायझर अशी जोडी घ्या. जाड हातमोज्यांनी त्याची कळ सापडते का, हे घरीच बघा. डबल-डी पट्टाही, म्हणजे दोन कड्यांतून ओवून आवळायचा, हातमोज्यांनी लावून बघा.

‘तेच स्कीइंगला चालेल’

नाही. दुचाकीचं हेल्मेट त्या कामाला जड, आणि त्यावर गॉगल नीट बसत नाही. स्कीइंगच्या हेल्मेटचं युरोपीय मानक ईएन १०७७. त्यात ‘ए’ वर्ग कान कठीण कवचाने झाकतो, ‘बी’ वर्गात कानांवर मऊ पट्ट्या चालतात. भाड्याने घेताना मागची, माप आवळायची चकती पूर्ण सैल करून हेल्मेट चढवा. तसंच जवळपास घट्ट बसलं तर माप बरोबर. चकती फिरवत-फिरवत शेवटापर्यंत आवळावी लागली तर लहान मागा. गॉगलची वरची कड आणि हेल्मेटची कड यांच्यात कपाळ दिसलं तर दुसरी जोडी मागा, कारण त्या फटीत बोचरा वारा थेट लागतो. तडा गेलेलं किंवा पट्टा फाटलेलं दिलं तर सरळ परत करा.